क्षमा आणि समेट : टिळक दांपत्याच्या चरित्रांतील एक धागा

एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांत जीं थोडीं पण गाजलेलीं ख्रिस्ती धर्मांतरें झालीं, त्यांची मीमांसा करतांना आमचे इतिहासलेखक बहुधा तीन गोष्टींकडे बोट दाखवितात : इंग्रजी शिक्षण, जातिबंधनांचा जाच आणि मिशनऱ्यांचा पैसा. यांतील तिसरें कारण दुष्काळाच्या वर्षांत कांहीं ठिकाणीं लागू पडत असेलही. परंतु ज्यांना धर्मांतरानें घर, आप्त आणि लौकिक हीं सारीं एका दिवसांत गमवावीं लागलीं, त्यांच्या बाबतींत हा हिशेब कांहीं केल्या जुळत नाहीं. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, हे लोक स्वत: काय म्हणतात याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. बाबा पदमनजींपासून पंडिता रमाबाईंपर्यंत ज्यांनीं ज्यांनीं आपली हकीकत लिहून ठेविली आहे, त्यांचा सूर एकच आहे. आपल्या पापांची क्षमा झाली आणि दुरावलेला देव पुन्हां जवळ आला, असें तीं सांगतात. ‘पापक्षमा’ हा शब्द आमच्या सुशिक्षित वाचकाला किंचित् परका वाटतो, उपदेशकाच्या पत्रिकेंतला वाटतो, आणि म्हणून तो गाळून पुढें जाण्याची संवय आम्हांस लागली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तो न गाळतां, आमच्या नागपुरांत कांहीं काळ नांदलेल्या एका कुटुंबाच्या चरित्रांत त्याचा अर्थ काय होतो तें पाहणार आहों.

प्रथम शब्दाविषयीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूनें शिष्यांस शिकविलेली जी प्रार्थना आहे, तिच्या मराठी भाषांतरांत पापाच्या जागीं ‘ऋण’ हा शब्द येतो. आमच्याकडे ऋण हा शब्द फार जुना आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो आणि यज्ञ, अध्ययन व संतति यांनीं तीं फेडतो, असें आमचीं शास्त्रें सांगतात. ऋण फेडावयाचें असतें. तें सोडून दिलें जाईल ही अपेक्षा त्यांत नाहीं. सावकारानें होऊन खत फाडून टाकल्याचें आमच्या खेड्यापाड्यांतहि फारसें कोणीं पाहिलेलें नाहीं. याच्या उलट आमच्या संतांनीं देवाला पतितपावन म्हटलें, माउली म्हटलें, आणि फेडीचा प्रश्नच पुसून टाकला. म्हणजे कृपेची कल्पना महाराष्ट्राला नवी होती असें कोणी म्हणेल तर तें अज्ञान होय. मात्र आमचा गृहस्थ या दोहोंच्या मध्यें राही. एकादशीला तो अभंग म्हणे आणि द्वादशीला प्रायश्चित्ताचा मुहूर्त विचारी.

हें प्रायश्चित्त प्रत्यक्षांत कसें चाले याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत कांहीं दिवस मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता; त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि न्यायालयानें त्याला वडिलांच्या हवालीं केलें. आतां या पोराला जातींत घ्यावें कीं नाहीं? बाळशास्त्री जांभेकरांसारख्या पंडितानें त्याच्या शुद्धीसाठीं आपला सारा लौकिक पणाला लावला, तरीहि सनातनी मंडळींचा विरोध शमला नाहीं. दुसरें उदाहरण पुण्याचें, १८९० सालचें. पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून ग्रामण्य माजलें, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्या तोलाच्या पुरुषांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत गुंतावें लागलें. एक पेला चहा! आम्हांला येथें कोणाचा उपहास करावयाचा नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों त्या काळीं क्षमा ही देवापाशीं स्वस्त आणि समाजापाशीं महाग होती. धर्मांतर करणारा देवाकडून जें मिळवी, त्याची किंमत त्याला समाजांत मोजावी लागे, आणि बहुधा ती त्याच्याऐवजीं त्याच्या घरची बायको मोजी.

पंडिता रमाबाईंचा अनुभव या विषयांत इतका बोलका आहे कीं, तो सोडून पुढें जातां येत नाहीं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह त्यांनीं लहानपणापासून तीर्थांमागून तीर्थें पायांखालीं घातलीं. व्रतें, उपवास, दानें, पुराणश्रवण सर्व झालें. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. पुण्याचा एवढा संचय करूनहि मनाला शांति नाहीं, हा त्यांच्या तरुणपणाचा अनुभव होता. १८८३ सालीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथें कथा संपली असें लोक समजतात. रमाबाई स्वत: तसें समजत नव्हत्या. आपण एका धर्मांत प्रवेश केला, पण ज्याच्यासाठीं तो करावयाचा तो आपणांस भेटलाच नव्हता, अशा अर्थाचें त्यांनीं पुढें १९०७ सालच्या आपल्या साक्षींत सांगितलें आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त वाचतांना, विधि आणि क्षमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें त्यांस उमगलें. म्हणजे तीर्थस्नानानें जें झालें नाहीं तें केवळ बाप्तिस्म्याच्या पाण्यानेंहि झालें नव्हतें! धर्मांतराच्या इतिहासांत इतका प्रामाणिक कबुलीजबाब क्वचितच सांपडेल.

रमाबाईंना ख्रिस्ताकडे प्रथम ओढणारी गोष्ट कोणती होती हेंहि पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत असतांना फुलम येथें ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं भगिनींनीं चालविलेलें गृह त्यांनीं पाहिलें. या बायांवर कोणी प्रेम करतें हेंच त्यांना नवल वाटलें, आणि तें कां करतें याचें उत्तर म्हणून त्यांच्यापुढें विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा आली. क्षमा ही त्यांना तत्त्व म्हणून न भेटतां एक घर म्हणून भेटली, असें म्हटलें तर चालेल. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या आमच्या मध्यप्रांतांत येऊन सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगांवच्या मुक्तीबरोबर कृपासदन उभें राहिलें. आणि १९०५ सालीं त्याच मुक्तींत शेंकडों मुलींनीं रडत रडत उघड पापनिवेदन केल्याची हकीकत देशोदेशीं पसरली. तशा सामुदायिक अश्रूंविषयीं आमचें मत थोडें संशयी आहे, हें कबूल करतों. पण ज्या मुलींना जन्मभर ‘अवदसा’ हाच शब्द ऐकावा लागला, त्यांना कोणी आपलें पाप ऐकून घेऊन जवळ बसवून ठेवतें, याचें मोल बाहेरून ठरविणें कठीण.

आतां नागपूर. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं या भोंसल्यांच्या राजधानींत आले. त्यांची शाळा, त्यांचा भूगर्भशास्त्राचा व्यासंग, आणि १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना बोरीजवळ नाल्याच्या पुरांत झालेला त्यांचा अंत, हें सर्व नागपूरकरांस ठाऊक आहे. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना तेथें पाश्चात्य विद्या मिळाली. परंतु नागपूरशीं संबंध असलेलें जें धर्मांतर मराठी साहित्यांत अजरामर झालें, तें कोणत्याहि वर्गांत घडलें नाहीं. तें घडलें आगगाडीच्या डब्यांत.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. आई लहानपणींच गेली. वडिलांचा स्वभाव कडक. पोरगा नाशिकास जाऊन गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. विद्वत्ता अस्सल, वृत्ति कवीची, हातीं पैसा टिकत नसे आणि पाय एका गांवीं ठरत नसे. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. येथें अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाखालीं संस्कृत ग्रंथांचें काम त्यांनीं केलें, ‘ऋषि’ नांवाचें मासिक चालविलें, आणि धर्माची सुधारणा कशी व्हावी यावर स्वत:चे सिद्धांत बांधण्यास आरंभ केला. पुढें राजनांदगांव संस्थानांत नोकरी लागली. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना डब्यांत एक युरोपीय गृहस्थ होता. हा साहेब आपणांस खालीं उतरवील अशी टिळकांची अटकळ. त्यानें हंसून जागा करून दिली. संस्कृत काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग ख्रिस्ती धर्माच्या. उतरण्यापूर्वीं त्यानें नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. त्या गृहस्थाचें नांव टिळकांना जन्मभर कळलें नाहीं. चरित्रकारांना या भाकिताचें मोठें कौतुक वाटतें; आम्हांस जागा करून देण्याचें अधिक वाटतें. १८९३ सालीं एका गोऱ्या माणसानें एका मराठी शास्त्र्यासाठीं सरकून बसणें, ही त्या काळच्या आगगाडींत लहान गोष्ट नव्हती.

टिळकांनीं पुस्तक खुणा करीत वाचण्यास घेतलें, आणि मत्तयाच्या पांचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांतील डोंगरावरच्या प्रवचनाशीं येऊन ते थबकले. त्या पानांपासून त्यांचें मन हालेना. वाचकांनीं येथें एक बारीक भेद ध्यानांत ठेवावा. मिशनरी उपदेशाचा नेहमींचा क्रम असा असे कीं, प्रथम पापाची भीति, मग न्यायाचा दिवस, मग क्षमेचा मार्ग. टिळक या क्रमानें आलेच नाहींत. त्यांना प्रथम दिसला तो देवाच्या राज्यांत माणसानें माणसाशीं कसें वागावें याचा नकाशा, आणि आपण त्या नकाशापासून किती दूर आहों याची लाज त्यांना मागाहून आली. तुकारामाच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या पायांशीं पोंचलों असें ते सांगत. आपल्या अवगुणांची उघड कबुली आणि देवाशीं लेकराची सलगी या दोन्ही गोष्टी एकाच अभंगांत मावतात, हें ज्यानें लहानपणापासून ऐकलें आहे, त्याला पापक्षमा समजण्यास परकी भाषा शिकावी लागत नाहीं.

पण त्याच प्रवचनांत एक वाक्य असें आहे कीं तें टिळकांच्या पुढच्या पांच वर्षांवर सावलीसारखें पडलेलें दिसतें. त्याचा आशय असा : वेदीवर अर्पण आणलें असतां, आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं त्याच्याशीं समेट करावा आणि मग परत येऊन तें वाहावें. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस, तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून, बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं ज्या व्यक्तीच्या मनांत त्यांच्याविरुद्ध सर्वांत अधिक होतें, ती त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेथें नव्हती. तिला विश्वासांत घेऊन हें पाऊल पडलेलें नव्हतें. अर्पण वाहिलें गेलें, समेट राहिला.

लक्ष्मीबाई कोणत्या घरांतून आल्या होत्या हें सांगितल्याशिवाय या घावाची खोली कळावयाची नाहीं. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत फांशी झाली. त्या प्रसंगीं घरांत शिरलेल्या लोकांच्या स्पर्शानें सर्व विटाळलें, हा विचार त्यांच्या वडिलांच्या डोक्यांत असा बसला कीं, पुढें सोंवळें हेंच त्यांचें आयुष्य झालें. बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां ते धुवावयास लावीत. अशा घरची मुलगी, पदरीं लहानगा दत्तू, आणि नवरा ‘बाटलेला’! नवरा जिवंत असून कुंकवाला अर्थ नाहीं, आणि नवरा नाहीं म्हणावें तर त्याचीं पत्रें येत आहेत. पंढरपुरास बहिणीच्या घरीं त्यांनीं कांहीं काळ काढला. विठोबाच्या दारीं, स्वत:च्या दु:खांतून, त्यांना कविता सुचूं लागली.

कायद्याचें यावर काय म्हणणें होतें? १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेविला होता. १८६६ च्या एकविसाव्याच कायद्यानें ख्रिस्ती झालेल्या नवऱ्यास वा बायकोस अशी सोय करून दिली कीं, धर्मांतरामुळें जोडीदार सहा महिने नांदावयास येत नसेल तर न्यायालयांत जावें. न्यायालयानें जोडीदारास विचारावें, एक वर्ष मुदत द्यावी, आणि तरीहि नकारच असेल तर विवाह मोडून दोघांस मोकळें करावें. दोन कायद्यांनीं मालमत्ता आणि विवाह यांचा निकाल लावला. एका घागरींतलें पाणी दोघांनीं पुन्हां पिण्याची तरतूद मात्र कोणत्याच कायद्यांत नसते. टिळक या कायद्याच्या वाटेस गेले नाहींत. ते अहमदनगरास अमेरिकन मिशनमध्यें शिकवीत राहिले, पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. ही वाट पाहणी त्यांच्या बाजूची सर्वांत मोठी जमा आहे. तरी पत्रांनीं अपराध कबूल होतो, पुसला जात नाहीं. तें काम ज्याच्यावर अपराध झाला त्याच्याच हातीं असतें.

आणि तें लक्ष्मीबाईंनीं केलें. मुलाला घेऊन त्या अहमदनगरास आल्या. ख्रिस्ती होण्याचा विचार तेव्हां त्यांच्या मनांत नव्हता. आपली चूल, आपलें पाणी, आपलें सोंवळें त्यांनीं निराळें ठेविलें. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना या प्रकरणाशीं आम्ही नेहमीं थांबतों. एका संसारांत दोन चुली. एकीकडे शुभवर्तमान शिकविणारा नवरा, दुसरीकडे त्याचा स्पर्श टाळून भात शिजविणारी बायको. आणि मध्यें दोघांचें पोर. हास्यास्पद म्हणावें तर हास्यास्पद. स्वत: बाईंनीं तें हास्यरसानेंच लिहिलें आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां डोंगरावरच्या प्रवचनांतील समेटाची आज्ञा या घरांत प्रथम पाळली ती बाप्तिस्मा न झालेल्या, सोंवळ्यांतल्या एका ब्राह्मण बाईनें. ज्याला देवानें क्षमा केली अशी खात्री होती, त्याला घराची क्षमा जिच्याकडून मिळाली, तिला त्या धर्माचें पाणीसुद्धां चालत नव्हतें. टिळकांच्या चाहत्यांना हें विधान कदाचित् रुचणार नाहीं. आमच्या मतें तें टिळकांना उणेपणा आणणारें नाहीं. त्यांनाच हें कोणाहूनहि अधिक ठाऊक असावें.

पुढचा बदल हळूंहळू झाला. राहुरीस असतांना, हा विटाळाचा भेद देवानें केला कीं माणसानें, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनांत उभा राहिला आणि त्याचें उत्तर त्यांचें त्यांनींच दिलें. त्यानंतर कोणाच्याहि हातचें खाण्याचा त्यांनीं निश्चय केला. वाद, व्याख्यान, पत्रिका यांतील कशाचाहि त्यांत मोठा वांटा नाहीं. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या बाईच्या वडिलांनीं मीठ धुतलें, तिनें पुढें अनाथ आणि टाकलेलीं पोरें आपल्या घरांत घेतलीं, त्यांच्याबरोबर एका पंगतीला बसली, आणि ती गोष्ट लिहितांनाहि तिनें स्वत:ला फारसें मोठेपण घेतलें नाहीं.

टिळकांच्या काव्यांत या समेटाचा ठसा आम्हांस स्पष्ट दिसतो, जरी तो सिद्ध करून दाखविण्याचें साधन आमच्यापाशीं नाहीं. त्यांच्या आधींचीं मराठी ख्रिस्ती गीतें पुष्कळशीं इंग्रजी चालींवर आणि इंग्रजी कल्पनांवर बेतलेलीं असत. त्यांत देव हा न्यायाधीश, पापी हा आरोपी, आणि क्षमा हा निकाल. टिळकांच्या अभंगांत देव आई होतो. ख्रिस्ताला माउली म्हणण्यास एखादा कर्मठ पाद्री कचरला असता. टिळक कचरले नाहींत. क्षमा मागणारा त्यांच्या अभंगांत कठड्यांत उभा नसतो. तो दारांत उभा असतो, आणि आंतून कोणीतरी हांक मारील याची त्याला बरीचशी खात्री असते. लूकच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत बाप धांवत येतो; मराठी माणसाच्या मनाला तेथें आई अधिक साहजिक वाटते. लहानपणींच आईला मुकलेल्या आणि पांच वर्षें घराला पारखा झालेल्या कवीला ती तशी वाटली असेल, यांत नवल नाहीं.

१९०४ सालीं टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन त्यांनीं केलें. पण मिशनच्या वेतनावरचा धर्म त्यांना टोंचूं लागला होता. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति धरली आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाहि त्या दरबारांत जागा होती. मिशनच्या मंडळींना ही गोष्ट पचण्यास जड गेली. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशीं एका छपराखालीं राहून क्षमा म्हणजे काय हें जो शिकला होता, त्याला ती जड जाण्याचें कारण नव्हतें.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले. येशूचें चरित्र ओंवींत गाण्याचा त्यांनीं संकल्प केला होता. ‘ख्रिस्तायना’चे आरंभींचे थोडे अध्याय मात्र त्यांच्या हातून झाले. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले. त्याच वर्षांत ‘स्मृतिचित्रें’ही लिहून होत होतीं, त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाई गेल्या, आणि दोघांच्या हातचें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागून १९३८ सालीं छापून बाहेर पडलें.